सोन्याच्या जागी काजळी

टॉर्चचा वापरून संपलेला सेल तुमच्यापैकी काहींनी, घरच्यांची बोलणी खाऊन का होईना, पण फोडून पाहिला असेल. बाहेर जस्ताचे नळकांडे, आत काळा ओलसर लगदा आणि मधोमध एक काळी कांडी. आमच्या लहानपणी ही कांडी फार मोलाची वस्तू होती. खडू नसला की तिने फरशीवर खेळाचे चौकोन आखता येत आणि ते पुसताना आईच्या हाताला बराच व्यायाम होई.

ही कांडी कार्बनची असते. सेल चालू असताना जस्त झिजते, लगद्यात रासायनिक बदल होतात; कांडी मात्र जशीच्या तशी राहते. तिला एकच काम असते, विद्युतधारेला वाट करून देणे. असे काम करणाऱ्या वस्तूला इलेक्ट्रोड म्हणतात. तुमच्या पाठ्यपुस्तकात यालाच विद्युतअग्र म्हटले असेल. वाट द्यावी पण स्वतः कशात पडू नये, हा चांगल्या इलेक्ट्रोडचा गुण.

कार्बनला ही जागा मिळाली कशी, ती गोष्ट मजेदार आहे. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह याने एक जोरकस विद्युतघट तयार केला. त्यात त्याने प्लॅटिनमचा पत्रा वापरला होता, कारण तीव्र नायट्रिक आम्लात बुडून राहूनही प्लॅटिनमला काही होत नाही. घट उत्तम होता, पण परवडणार कोणाला? दोनच वर्षांनी रॉबर्ट बुन्सेन याने (प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरमुळे हे नाव तुम्हाला ठाऊक आहेच) दगडी कोळसा आणि कोक यांची पूड एकत्र भाजून कार्बनचा ठोकळा बनवला आणि तो प्लॅटिनमच्या जागी बसवला. काम तेच झाले, खर्च मात्र पुष्कळच कमी झाला.

एकशे ऐंशीहून अधिक वर्षांनी आज तेच नाटक पुन्हा रंगते आहे. या वेळी रंगमंच आहे सौर घटाचा. प्लॅटिनमच्या जागी सोने उभे आहे, आणि कार्बनच्या मदतीला लेसर किरण आला आहे.

छपरावर दोन तोळे

घरांच्या गच्चीवर दिसणारे निळे-काळे सौर फलक बहुधा सिलिकॉनचे असतात. गेल्या काही वर्षांत पेरोव्हस्काइट या गटातल्या पदार्थांचे सौर घट पुढे येत आहेत. पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे हे खनिज उरल पर्वतात सापडले आणि गुस्ताव रोझ याने १८३९ मध्ये त्याला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन खनिजप्रेमी गृहस्थाचे नाव दिले. (त्याच साली एडमंड बेकेरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाला प्रकाशाने विद्युतधारा निर्माण होते असे आढळले, आणि ग्रोव्हचा घटही त्याच सालचा. योगायोग, दुसरे काय!) सौर घटातल्या पेरोव्हस्काइटमध्ये अणूंची मांडणी त्या खनिजासारखीच असते, पण अणू वेगळे असतात: शिसे, आयोडीन आणि एखादा छोटा सेंद्रिय आयन. जपानमधील योकोहामा येथे त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असा पहिला घट केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज प्रयोगशाळेतल्या छोट्या घटांनी २६ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे.

अशा घटाची रचना थरांची असते. खाली काच, तिच्यावर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड, त्यावर पेरोव्हस्काइट, आणि पाठीमागे धातूचा इलेक्ट्रोड. प्रकाश काचेतून आत येतो. पेरोव्हस्काइटमध्ये इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून मोकळा होतो आणि त्याची रिकामी जागा मागे राहते. मोकळे इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या वाटेने काचेच्या बाजूला जातात. रिकाम्या जागा पाठीमागच्या इलेक्ट्रोडकडे सरकतात, आणि बाहेरच्या तारेतून फिरून आलेले इलेक्ट्रॉन तिथे त्या भरून काढतात. मंडळ पूर्ण होते.

पाठीमागचा हा इलेक्ट्रोड बहुतेक वेळा सोन्याचा असतो. थर अगदी पातळ, सुमारे १०० नॅनोमीटर. मग त्याची काळजी कशाला करायची, असे तुम्ही म्हणाल. हिशेबच करू या. एक चौरस मीटर जागेवर १०० नॅनोमीटर जाडीचा थर म्हणजे ०.१ घनसेंटिमीटर सोने. सोन्याची घनता १९.३, म्हणून वजन भरले १.९३ ग्रॅम. दहा चौरस मीटरचे फलक छपरावर बसवायचे तर १९ ग्रॅमहून अधिक. सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने जवळजवळ दोन तोळे! शिवाय हा थर चढवायला निर्वात पेटी लागते आणि तिच्यात सोन्याची वाफ करावी लागते.

चांदी स्वस्त, पण पेरोव्हस्काइटमधल्या आयोडीनशी तिचे जमत नाही. सिल्व्हर आयोडाइडचा पिवळा अवक्षेप तुम्ही परीक्षानळीत पाहिला असेल. तीच गोष्ट घटात घडते आणि घट बिघडतो. सोनेही सर्वस्वी निर्दोष नाही. घट ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवला, तर सोन्याचे अणू हळूहळू पेरोव्हस्काइटमध्ये शिरतात, असे २०१६ मध्ये दिसून आले. उन्हाळ्यात छपरावरचा फलक याच्या बराच जवळ पोहोचतो.

आता कार्बनकडे पाहा. आयोडीनशी त्याचे वैर नाही. त्याचे अणू इकडेतिकडे भटकत नाहीत. पाणी त्याला सहसा भिजवत नाही, आणि ओलावा हा तर पेरोव्हस्काइटचा मोठा शत्रू. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या दृष्टीने कार्बनची पातळी सोन्याच्या बरीच जवळ आहे, त्यामुळे रिकाम्या जागा स्वीकारणे त्यालाही जमते. २०१४ साली हाँगकाँगमधील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात चक्क मेणबत्तीची काजळी इलेक्ट्रोड म्हणून वापरली आणि सुमारे ११ टक्के कार्यक्षमतेचा घट तयार झाला. समईवर तबक धरून जी काजळी धरतात, तिचीच ही जातभाई!

कार्बनचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे तो छापता येतो. लग्नपत्रिका किंवा कापडी फलक स्क्रीन प्रिंटिंगने छापताना पाहिले आहे ना? चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, वर शाई, आणि ती ओढणारी रबरी पट्टी. शाईच्या जागी ग्राफाइटची पूड, काजळी आणि ती बांधून ठेवणारा चिकट पदार्थ यांचा लगदा घ्यायचा. निर्वात पेटी नको, सोने नको. चीनमधील वुहान येथे होंगवेई हान यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइड, झिर्कोनियम डायऑक्साइड आणि कार्बन असे तीन सच्छिद्र थर एकावर एक छापून भट्टीत भाजले आणि मग वरून पेरोव्हस्काइटचे द्रावण ओतले. कार्बनच्या छिद्रांतून ते झिरपत खाली गेले आणि तिथेच त्याचे स्फटिक बनले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा घट १२.८ टक्के कार्यक्षमतेचा होता आणि भर प्रकाशात हजार तासांहून अधिक काळ टिकला. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने अशाच पद्धतीचा, १० सेंटिमीटर लांब-रुंद फलक दहा हजार तासांहून अधिक काळ चालवून दाखवला. कार्यक्षमता ११.२ टक्के. टिकाऊपणात कार्बनने बाजी मारली. मग अडते कुठे?

चौकोनाचा रोध

अडते ते विद्युतरोधात. पातळ थराचा रोध मोजण्याची एक खास रीत आहे, ती आधी समजून घ्या. एका थराचा चौरस तुकडा घ्या आणि समोरासमोरच्या दोन कडांमधला रोध मोजा. आता त्याच थराचा दुप्पट मोठा चौरस घ्या. लांबी दुप्पट झाली म्हणून रोध दुप्पट व्हायला हवा. पण रुंदीही दुप्पट झाली, म्हणून तो निम्मा व्हायला हवा. दोन्ही मिळून रोध होता तेवढाच राहतो! म्हणून थराचा रोध 'दर चौरसाला इतके ओहम' असा सांगतात, चौरस नखाएवढा असो की टेबलाएवढा.

सोन्याच्या १०० नॅनोमीटरच्या थराचा रोध दर चौरसाला सुमारे पाव ओहम येतो. छापलेला कार्बनचा थर १० मायक्रोमीटरचा, म्हणजे शंभर पट जाड असतो, तरीही त्याचा रोध दर चौरसाला १० ओहमच्या आसपास असतो. चाळीस पट!

याचा परिणाम काय होतो ते आकड्यांतच पाहू. भर उन्हात एक चौरस सेंटिमीटर घटातून ०.०२ अँपिअर धारा ०.८ व्होल्टने मिळते असे धरा. म्हणजे शक्ती १६ मिलिवॉट. घटाची पट्टी एक सेंटिमीटर रुंद आहे आणि धारा एका कडेला गोळा करायची आहे. पट्टीच्या एक सेंटिमीटर लांबीचाच विचार करा. कार्बनमधून सगळी धारा पूर्ण रुंदी ओलांडून आली असती, तर वाया गेलेली शक्ती I²R प्रमाणे ०.०२ × ०.०२ × १०, म्हणजे ४ मिलिवॉट झाली असती. पण धारा पट्टीभर थोडीथोडी जमा होत येते. दूरच्या कडेला ती शून्य असते आणि जवळच्या कडेला पूर्ण. त्यामुळे नुकसान याच्या एकतृतीयांश होते (हा एकतृतीयांश कसा येतो ते कलनशास्त्र शिकल्यावर तुम्हाला दोन ओळींत दाखवता येईल). ते आले १.३३ मिलिवॉट. सोळातून १.३३ गेले, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडे अधिक.

पट्टी दोन सेंटिमीटर रुंद केली तर? धारा दुप्पट, रोध दुप्पट, म्हणून नुकसान आठपट. मिळणारी शक्ती मात्र फक्त दुप्पट. नुकसानीचे प्रमाण चौपट झाले: तब्बल ३३ टक्के. उलट पट्टी अर्ध्या सेंटिमीटरची ठेवली, तर ते २ टक्क्यांवर येते. म्हणूनच प्रयोगशाळेत नखाएवढ्या घटावर मिळालेला सुंदर आकडा मोठ्या फलकावर टिकत नाही. वर्तमानपत्रात 'अमुक टक्के कार्यक्षमता' असे वाचाल तेव्हा घट केवढा होता हे विचारायला विसरू नका.

मग अरुंद पट्ट्याच कराव्यात ना? करतातच. पण दोन पट्ट्या जोडायला मध्ये थोडी जागा सोडावी लागते, आणि तिथे पडलेले ऊन फुकट जाते. समजा ही फट एक मिलिमीटरची आहे. पाच मिलिमीटरच्या पट्टीमागे एक मिलिमीटर गेला, म्हणजे सहातले पाच भाग, ८३ टक्के जागा कामाला आली. आता कार्बनचा रोध १० वरून ५ ओहमवर आणता आला, तर तेवढेच नुकसान सोसून पट्टी सात मिलिमीटरची करता येईल, आणि आठातले सात भाग, म्हणजे ८७ टक्क्यांहून अधिक जागा कामाला येईल. रोध अडीच ओहमवर आला तर काय होईल, ते तुम्ही काढा. कार्बनच्या मागे संशोधक का लागले आहेत ते त्यातून उमगेल.

ओढ्यातले दगड

कार्बन इतका अडवतो तरी का? ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत पत्र्यांसारखे पसरलेले असतात. एका पत्र्यातल्या शेजारच्या अणूंमध्ये ०.१४२ नॅनोमीटर अंतर, तर दोन पत्र्यांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर. पत्र्याच्या पातळीत इलेक्ट्रॉन सहज धावतात. एका पत्र्यावरून दुसऱ्यावर उतरणे त्यांना जड जाते. काजळीचे कण तर काही दशक नॅनोमीटरचे गोळे, त्यांत पत्र्यांचे छोटे वेडेवाकडे तुकडे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे बसलेले. शिवाय छापलेल्या थरात हे सारे कण नुसते एकमेकांना टेकलेले असतात, आणि मध्ये असतो तो चिकट पदार्थ, जो विजेच्या दृष्टीने साधा दुर्वाहक.

पावसाळ्यात ओढा ओलांडताना दगडावरून दगडावर पाय टाकत जाता ना? दगडावर चालायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो दोन दगडांमधल्या उडीला. इलेक्ट्रॉनचेही तसेच. रोध बराचसा असतो तो कणांमधल्या उड्यांचा.

यावर जुना उपाय म्हणजे भट्टी. सुमारे ४०० अंशांवर अर्धा तास भाजले की चिकट पदार्थ जळून जातो. काचेला हे सोसते. पण घट प्लॅस्टिकच्या लवचीक पट्टीवर छापायचा असेल, तर ती पट्टी १५० अंशांच्या आसपासच आकसू लागते. आणि कार्बनचे रूप पालटून त्याचे ग्राफाइट करायचे तर २५०० ते ३००० अंश हवेत! तेवढ्या तापमानाला काच काय, तिच्याखालची भट्टीसुद्धा विशेष लागते.

पापड भाजण्याचे गणित

इथे लेसर उपयोगी पडतो. लेसर पहिल्यांदा १९६० मध्ये थिओडोर मैमन याने चालवून दाखवला. पण कारखान्यात कापाकापीला जो सर्रास वापरला जातो, तो कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल जन्मले बारामतीला, १९३८ साली, आणि अभियांत्रिकी शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात! त्यांच्या लेसरमधून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण निघतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण कार्बन ते चांगले शोषतो. किंबहुना काळ्या कार्बनला बहुतेक कोणताही प्रकाश चालतो. काळेपणाचा हाही एक फायदा.

लेसरची खुबी उष्णतेच्या तीव्रतेत आहे, त्याहून अधिक ती वेळेत आहे. निखाऱ्यावर पापड भाजताना तो सारखा फिरवावा लागतो. फार वेळ ठेवला तर जळतो, पटकन उचलला तर कच्चा राहतो. लेसरचेही तसेच, फक्त वेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात मोजायची.

का, ते पाहा. उष्णता पदार्थात एकदम पसरत नाही. t इतक्या वेळात ती साधारण √(D × t) इतके अंतर जाते. D हा त्या पदार्थाचा उष्णता-प्रसरणाचा अंक. सच्छिद्र कार्बन थरासाठी तो दर सेकंदाला एक चौरस मिलिमीटर धरू. मग एका सेकंदात उष्णता एक मिलिमीटर जाईल. सेकंदाच्या हजाराव्या भागात ३० मायक्रोमीटर. दहा हजाराव्या भागात बरोबर १० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या थराच्या जाडीइतकी. आणि दहा अब्जांश सेकंदात, म्हणजे दहा नॅनोसेकंदांत, जेमतेम ०.१ मायक्रोमीटर. लेसरचा ठिपका एकदशांश मिलिमीटर रुंद असेल आणि तो थरावरून सेकंदाला एक मीटर वेगाने सरकत असेल, तर प्रत्येक जागी तो किती वेळ थांबेल? सेकंदाचा दहा हजारावा भाग! तेवढ्यात कार्बनचा थर लालबुंद होऊन निवायलाही लागतो, आणि खालच्या पदार्थापर्यंत उष्णता पोहोचते न पोहोचते तोच ठिपका पुढे गेलेला असतो. वेग निम्मा केला तर उष्णता खाली उतरेल. दहापट केला तर वरचाच पापुद्रा भाजला जाईल. वेग, शक्ती आणि ठिपक्याची रुंदी यांचा मेळ बसवण्यातच सगळे कौशल्य आहे.

योग्य मेळ बसला की थरात दोन गोष्टी होतात. कणांमधला चिकट दुर्वाहक पदार्थ जळून उडून जातो किंवा स्वतःच कार्बन होऊन कणांना जोडणारा पूल बनतो. आणि कणांच्या पृष्ठभागावरचे वेडेवाकडे तुकडे सरळ होऊन पत्रे नीट लागतात. ओढ्याच्या उपमेत सांगायचे तर दगडांमध्ये फळ्या टाकल्या जातात.

मेळ चुकला की मात्र उलटेच होते. हवेत तापलेला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो. थर पातळ होतो आणि रोध वाढतो. म्हणून थरावर नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूचा झोत सोडावा लागतो. चिकट पदार्थाची वाफ एकदम सुटली, तर थर फुगून त्याचे पोपडे निघतात. आणि छिद्रे बुजून गेली तर वुहानच्या पद्धतीत पेरोव्हस्काइटचे द्रावण खाली झिरपणार कुठून?

या पद्धतीत एक सोय मात्र आहे. कार्बन आधी छापला जातो आणि पेरोव्हस्काइट नंतर ओतले जाते. लेसरचे काम नाजूक पाहुणा येण्यापूर्वीच उरकता येते. ज्या घटांत पेरोव्हस्काइट आधी आणि कार्बन त्यावर, तिथे लेसर फार जपून वापरावा लागतो; कारण हा पदार्थ १५० अंशांनाही नीट टिकत नाही. तिथे कार्बनचा थर वेगळा तयार करून, त्यावर लेसर फिरवून, मग तो घटावर दाबून बसवणे हा मार्ग शहाणपणाचा. याहून पुढची पायरी म्हणजे कार्बन छापायचाच नाही! २०१४ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने पॉलिइमाइड या पिवळ्या प्लॅस्टिकवर कार्बन डायऑक्साइड लेसर फिरवला, तेव्हा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाचेच सच्छिद्र ग्राफीन झाले. लेसर जिथे गेला तिथे काळी, वीजवाहक रेघ. जणू पेन्सिलीविना रेखाटलेले चित्र.

तरी एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. कितीही तापवले तरी प्रत्येक कार्बन ग्राफाइट होत नाही. हे दाखवले रोझलिंड फ्रँकलिन यांनी. डीएनएच्या रचनेच्या संदर्भात तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल, पण त्याआधी त्या पॅरिसमध्ये कोळशावर काम करत होत्या. १९५१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की काही कोळसे ३००० अंशांपर्यंत तापवल्यावर छान ग्राफाइट होतात, तर काही तेवढ्याच तापमानाला आडमुठेपणाने वेडेवाकडेच राहतात. साखर जाळून केलेला कोळसा हा अशाच आडमुठ्यांपैकी. त्याच्या पत्र्यांचे तुकडे एकमेकांत असे घट्ट बांधलेले असतात, की त्यांना वळून रांगेत यायला जागाच नसते. त्यामुळे लगद्यात कोणती काजळी आणि कोणता चिकट पदार्थ घ्यायचा, याचा विचार लेसर चालू करण्याच्या आधी करावा लागतो.

थर खरोखर सुधारला का, हे ओळखायचे कसे? रोध मोजता येतोच. पण आतले पत्रे सरळ झाले की नाही, हे पाहायला चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा १९२८ सालचा शोध कामी येतो. कार्बनवर एकरंगी प्रकाश टाकला, की विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात दोन ठळक शिखरे दिसतात: १५८० या आकड्याजवळचे 'जी' शिखर ग्राफाइटच्या जाळीचे, आणि १३५० जवळचे 'डी' शिखर जाळीतल्या दोषांचे. लेसर फिरवल्यावर 'डी' शिखर 'जी'च्या मानाने बुटके झाले, तर काम जमले समजावे.

माझे मत विचाराल तर, लेसरने कार्बनचे सोने होणार नाही. चाळीस पटींची दरी एका फटक्यात भरून निघत नाही, आणि मोठ्या फलकात अरुंद पट्ट्या किंवा धातूच्या बारीक रेघा राहतीलच. लेसरचा खरा उपयोग प्लॅस्टिकच्या लांबलचक गुंडाळीवर होईल, जिथे भट्टी नेताच येत नाही. शिवाय पेरोव्हस्काइटमध्ये शिसे असते. घट फुटला, भिजला तर ते बाहेर पडू नये याची काळजी वेगळीच घ्यावी लागेल. तो प्रश्न लेसरने सुटणारा नाही.

करून पाहा

लेसरचा प्रयोग घरी करू नका. खेळण्यातल्या लेसरने कार्बन तापत नाही, आणि डोळ्याला मात्र इजा होऊ शकते. पण त्यामागचे तत्त्व तपासायला दोन पेन्सिली पुरतात: एक एचबी आणि एक सहा बी. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण. एचबीमध्ये माती अधिक, सहा बीमध्ये कमी. ही माती म्हणजे आपला चिकट दुर्वाहक पदार्थ समजा.

जाड गुळगुळीत कागदावर सहा बी पेन्सिलीने १, २ आणि ४ सेंटिमीटर बाजूचे तीन चौरस आखा आणि ते सारख्याच दाबाने, आडवे-उभे गिरवून गर्द काळे करा. समोरासमोरच्या दोन कडांवर ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या पूर्ण लांबीभर घट्ट दाबून धरा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. तिन्ही चौरसांचे आकडे ताडून पाहा. नंतर दोन सेंटिमीटरचा एक चौरस एचबीने काढून त्याचा रोध सहा बीच्या चौरसाशी ताडा. शेवटी सहा बीचा एक चौरस चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासा, तो चकाकू लागला की पुन्हा मोजा. प्रत्येक मापन तीनदा घ्या. फॉइलचा दाब बदलला की आकडा बदलतो, हे तुमच्या लक्षात येईलच. ती फॉइल आणि कार्बन यांच्यामधली उडी.